रंधा मशीन आणि बोटाचं पेर : परळच्या एका जुन्या मागणीची गोष्ट



तुमच्या ओळखीत एखादे जुने सुतारकाका असतील, तर एकदा त्यांच्या हातांकडे नीट पाहा. बऱ्याच जणांच्या तर्जनीचं किंवा मधल्या बोटाचं टोक आखूड असतं. नख अर्धं असतं, नाहीतर एक पेरच नसतं. विचारलंत तर "मशीनवर गेलं" एवढंच उत्तर मिळतं. त्यात तक्रारीचा सूरही नसतो. बोट जाणं हा धंद्याचाच भाग आहे, असं त्यांनी मानून घेतलेलं असतं.

आजचा लेख याच समजुतीबद्दल आहे. रंधा मशीनवर बोट जाणं हे नशिबात लिहिलेलं नसतं. ते का जातं हे शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं आणि कसं थांबवायचं हेही तेव्हाच कळलं होतं. या इतिहासात आपल्या परळचाही वाटा आहे. घरात कोणी सुतारकाम करत असेल, फर्निचरचं वर्कशॉप असेल, किंवा तुमच्या घराचं काम करायला मशीन घेऊन कारागीर येत असतील, तर शेवटपर्यंत जरूर वाचा.

हातरंध्यापासून मशीनपर्यंत

मुंबईचं सुतारकाम फार जुनं आहे. १७३६ मध्ये लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून इथे आले आणि मुंबईच्या गोदीत सागवानी जहाजं बांधली जाऊ लागली. १८१७ मध्ये इथे पाण्यात उतरलेलं 'त्रिंकोमाली' हे लढाऊ जहाज इंग्लंडमधल्या हार्टलपूलला आजही तरंगतं आहे. ते बांधताना फळ्या हाताने तासल्या होत्या. हातरंध्याचं पातं जेमतेम केसभर बाहेर असतं आणि दोन्ही हात रंध्याच्या वर असतात. हातरंध्याने खरचटतं, क्वचित कापतं, पण बोट जात नाही.

इंग्लंडमध्ये सॅम्युअल बेंथम यांनी १७९१ मध्ये रंधा मारणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. अमेरिकेत १८२८ मध्ये विल्यम वुडवर्थ यांनी फिरत्या पात्यांच्या यंत्राचं पेटंट घेतलं. त्यानंतर ही यंत्रं जगभर पसरली. मुंबईत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गिरण्या उभ्या राहिल्या आणि परळ-लोअर परळला रेल्वेची वर्कशॉप्स आली. रेल्वेचे डबे तेव्हा मुख्यतः लाकडाचेच असत. गिरणीतले धोटे, बॉबिन आणि मागाचे कितीतरी भागही लाकडीच होते. त्या काळी छताखाली फिरणाऱ्या एका लांब दांड्यावरून पट्ट्यांनी प्रत्येक यंत्राला गती मिळत असे. १९१५ मध्ये खोपोलीहून टाटांची जलविद्युत मुंबईला आली. पुढे हळूहळू प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटर बसली, आणि मग असं मशीन चार माणसांच्या गाळ्यातही मावू लागलं.

बोट आत का जातं?

रंधा मशीनची रचना सोपी आहे. लोखंडी टेबलाचे दोन भाग आणि त्यांच्यामध्ये एक फट असते. फटीखाली एक दंडगोल, म्हणजे कटर ब्लॉक, जोरात फिरत असतो आणि त्यावर दोन-तीन पाती बसवलेली असतात. पुढचं टेबल किंचित खाली असतं. फळी हाताने ढकलली की खालची बाजू तासली जाते.

आता एक साधा हिशेब करू. कटर ब्लॉक मिनिटाला ५,००० फेरे फिरतो असं धरा. म्हणजे सेकंदाला सुमारे ८३ फेरे. पाती तीन असतील, तर सेकंदाला २५० काप. दुखलं, मेंदूला कळलं आणि हात मागे घेतला, या सगळ्याला माणसाला साधारण एक पंचमांश सेकंद लागतो. तेवढ्या वेळात पाती ५० वेळा फिरून गेलेली असतात. "मी चपळ आहे, हात पटकन काढीन" असं म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. इथे चपळाई उपयोगाची नाही.

करवत बोट कापते. रंधा मशीन बोट तासतं. हा फरक डॉक्टरच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. करवतीने तुटलेला तुकडा निदान हाती तरी लागतो. रंधा मशीनवर कातडी, नख, हाड यांचा भुसा होतो आणि जोडायला काही उरतच नाही. १९६५ मध्ये जपानमधल्या नारा इथे कोमात्सु आणि तामाई या शल्यचिकित्सकांनी पूर्ण तुटलेला अंगठा सूक्ष्मदर्शकाखाली रक्तवाहिन्या जोडून परत बसवला. तेव्हापासून हे शास्त्र खूप पुढे गेलं आहे. तरीही तासलं गेलेलं पेर कोणताही सर्जन परत आणू शकत नाही. या मशीनच्या बाबतीत खरा उपचार अपघाताच्या आधीच करावा लागतो.

जुन्या मशीनमध्ये कटर ब्लॉक चौकोनी असे. चौकोन फिरताना त्याच्या सपाट बाजू आणि टेबलाची कड यांच्यामध्ये मोठी पोकळी तयार होते. हात घसरला की बोटं त्या पोकळीत खोल ओढली जात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपात गोल ब्लॉक आले. त्यात पात्याची धार फक्त जराशी बाहेर असते आणि पोकळी उरत नाही. अपघात झालाच, तर हात जाण्याऐवजी बोटाच्या टोकावर निभावतं. ब्रिटनने १९२२ मध्ये लाकूडकामाच्या यंत्रांसाठी खास नियम केले. हाताने चालवायच्या रंधा मशीनला गोल ब्लॉक आणि फटीवर झाकणारा गार्ड त्यात सक्तीचा झाला. म्हणजे हा शोध शंभर वर्षांहून जुना आहे.

सुपारीबाग, १८८४

आता आपल्या भागाकडे येऊ. १८७५ मध्ये मुंबईतल्या गिरण्यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला गेला आणि १८८१ मध्ये देशातला पहिला कारखाने कायदा आला. धोकादायक यंत्रांभोवती कुंपण घालावं, असं त्यात होतं. पण हा कायदा १०० किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या कारखान्यांनाच लागू होता. सात वर्षांच्या मुलाला कामावर ठेवायलाही तो परवानगी देत होता.

१८८४ मध्ये सरकारने पुन्हा आयोग नेमला. तेव्हा 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी सप्टेंबर महिन्यात परळच्या सुपारीबागेत गिरणी कामगारांची सभा घेतली. सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार झालं. त्यातल्या मागण्या साध्या होत्या. आठवड्याला एक सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम. पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत. आणि पाचवी मागणी अशी, की कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि कायमचा अधू झाल्यास त्याच्या पोटापाण्याची सोय व्हावी.

रविवारची सुट्टी १८९० मध्ये मिळाली. ती लोखंडेंची देणगी म्हणून आपल्याला ठाऊक असते. पाचवी मागणी मात्र आपण विसरलो. तिला कायद्याचं रूप मिळायला ४० वर्षं लागली. कामगार नुकसानभरपाई कायदा १९२३ मध्ये झाला आणि १ जुलै १९२४ पासून लागू झाला. लोखंडे तोवर हयात नव्हते. १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करतानाच त्यांना प्लेग झाला आणि ते गेले.

बोटाची किंमत टक्क्यांत

भरपाईच्या कायद्याला एक परिशिष्ट आहे. कोणता अवयव गेला तर कमाईची ताकद किती टक्के गेली असं धरायचं, याचा तक्ता त्यात आहे. पूर्ण अंगठा गेला तर ३० टक्के. पूर्ण तर्जनी १४, मधलं बोट १२, अनामिका किंवा करंगळी प्रत्येकी ७ टक्के. एका हाताची दोन बोटं गेली तर २०, तीन गेली तर ३०.

हे आकडे वाचताना एक डॉक्टर म्हणून मला नेहमी वाटतं, की तक्ता सगळ्यांसाठी एक असला तरी बोटं सगळ्यांसाठी सारखी नसतात. सुताराची तर्जनी खिळा धरते, पट्टीवर पेन्सिल धरते, लाकडाचा पृष्ठभाग चाचपून पाहते. अंगठा नसेल तर पकडच नाही. टोक बरं झालं तरी ते महिनोन् महिने थंडीत ठणकतं, जरा लागलं की झिणझिण्या येतात, आणि माणूस नकळत ते बोट वापरायचं सोडून देतो.

ही गोष्ट न्यायालयानेही ओळखली आहे. १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे एका सुताराचा खटला आला. कामावर पडून त्याचा डावा हात कोपराच्या वरून काढावा लागला होता. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याची कमाईची ताकद पूर्ण गेली असंच धरलं पाहिजे, असा निकाल लागला. शरीर किती गेलं एवढंच न पाहता त्या माणसाचं काम किती गेलं, हे पाहायला हवं, हा त्याचा अर्थ.

कायदा आहे, मग बोटं का जातात?

१९४८ चा कारखाने कायदा चांगला तपशीलवार होता. यंत्राच्या फिरत्या भागांना संरक्षण हवं असे. धोकादायक यंत्रावर किशोरवयीन मुलांना नीट शिकवल्याशिवाय आणि देखरेखीशिवाय उभं करता येत नसे. त्याखालच्या नियमांत लाकूडकामाच्या यंत्रांसाठी स्वतंत्र परिशिष्ट होतं. गोल कटर ब्लॉक, फटीची पूर्ण लांबी-रुंदी झाकणारा आणि वर-खाली, आडवा सरकणारा गार्ड, हाताशी असलेलं चालू-बंद बटण, ढलप्यांनी न भरलेली सपाट जमीन, सगळं त्यात लिहिलेलं होतं. कामगार विमा योजना १९५४ मध्ये मुंबईत आली आणि परळच्या महात्मा गांधी रुग्णालयात कितीतरी कामगारांच्या हातांवर उपचार झाले. शीवच्या केंद्रीय श्रम संस्थेत औद्योगिक सुरक्षेचं शिक्षण मिळतं. ४ मार्च हा राष्ट्रीय सुरक्षा दिन पाळतात, तो १९६६ मध्ये त्या तारखेला राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली म्हणून.

मग अडलं कुठे? १९४८ चा कायदा विजेवर चालणाऱ्या जागेत किमान दहा कामगार असतील तर लागू होई. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर गिरणगावाचं रूपच बदललं. मोठ्या वर्कशॉपमध्ये निदान मुकादम असे, दवाखाना असे, कधीतरी निरीक्षक येत असे. आता काम चार-पाच माणसांच्या गाळ्यांत होतं, किंवा थेट ग्राहकाच्या फ्लॅटमध्ये. तिथे निरीक्षक येत नाही. तिथला निरीक्षक म्हणजे मालक, कारागीर आणि तुम्ही-आम्ही.

मशीनसमोर उभं राहण्याआधी

आता कामाच्या गोष्टी. कागदावर लिहून मशीनजवळ लावा.

१. गार्ड काढायचा नाही. "गार्डमुळे काम दिसत नाही" ही सगळ्यात जास्त ऐकू येणारी सबब आहे. गार्ड फळीच्या जाडीनुसार लावा. फळी आणि गार्ड यांत १० मिलिमीटरपेक्षा जास्त फट नको. सपाट बाजू तासताना फळी गार्डखालून जाते आणि हात गार्डवरून जातात. पात्याच्या थेट वर हात येताच कामा नये.

२. एक फुटापेक्षा आखूड तुकडा या मशीनवर हाताने तासू नका. आखूड तुकडा उडतो आणि ज्या हाताने तो दाबलेला असतो तो हात सरळ फटीवर पडतो. आधी लांब फळी तासा, मग तुकडे करा. पातळ फळीला मूठ असलेला लाकडी ठोकळा वापरा आणि त्यानेच ढकला.

३. एका वेळी १-२ मिलिमीटरच काढा. जास्त खोल काप घेतला तर फळी झटका देऊन मागे येते.

४. जुनं लाकूड आधी तपासा. पाडलेल्या चाळींचं जुनं सागवान मुंबईत पुन्हा वापरलं जातं. लाकूड उत्तम असतं, पण त्यात मोडलेले खिळे दडलेले असतात. पातं खिळ्यावर आदळलं तर फळी उसळते आणि लोखंडाचा कण डोळ्यात जाऊ शकतो. गाठी आणि चिराही पाहा. डोळ्यांवर चष्मा हवाच.

५. हातमोजे घालू नका. हे वाचून अनेकांना आश्चर्य वाटतं. फिरत्या पात्याजवळ मोजा वाचवत नाही, तो पकडला जातो आणि हात ओढला जातो. सैल बाही, मफलर, मनगटावरचा गंडा, कडं, अंगठी हे सगळं आधी काढून ठेवा.

६. बटण बंद केलं तरी पाती काही सेकंद फिरत राहतात. ती पूर्ण थांबेपर्यंत जागेवरून हलू नका आणि भुसा हाताने झाडू नका, ब्रश वापरा. पाती बदलताना प्लग काढून ठेवा.

७. लाईट गेली आणि परत आली तर मशीन आपोआप सुरू होणार नाही, असं बटण बसवून घ्या. इलेक्ट्रिशियनचं छोटं काम आहे. अंधारात फटीत अडकलेली ढलपी काढताना मशीन सुरू झालं तर काय होईल, याचा विचार करा.

आता माझ्या विषयाच्या चार गोष्टी. सर्दीच्या अनेक गोळ्यांनी आणि खोकल्याच्या औषधांनी झोप येते. अशी गोळी घेऊन मशीनवर उभं राहू नका. औषध लिहून घेताना "मी मशीनवर काम करतो" हे डॉक्टरांना सांगा, न झोपवणारा पर्याय बहुधा असतो. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेऊन जेवण चुकवू नका, साखर उतरली की हात थरथरतो आणि डोकं गरगरतं. चाळिशीनंतर जवळचं दिसणं कमी होतं, चष्म्याचा नंबर तपासून घ्या. फिट येण्याचा त्रास असेल तर हे मशीन तुमच्यासाठी नाही. आणि गणपतीच्या आधीच्या जागरणांत, मंडपाचं काम उरकायच्या घाईत, थकलेल्या माणसाने मशीन दुसऱ्याकडे द्यावं. दारू घेतली असेल तर विषयच संपला.

बोट कापलंच तर

आधी मशीन बंद करा. जखमेवर स्वच्छ कापड दाबून धरा आणि हात छातीपेक्षा वर ठेवा. दहा मिनिटं न सोडता दाबलं तर बहुतेक रक्तस्राव थांबतो. हळद, कॉफी, चुना, तंबाखू काहीही भरू नका, ते सगळं नंतर सर्जनला काढत बसावं लागतं आणि जंतुसंसर्ग वाढतो. बोटाच्या मुळाशी दोरा आवळू नका. सूज यायच्या आत त्या हातातल्या अंगठ्या काढा.

तुकडा सापडला तर तो स्वच्छ पाण्याने हलकेच धुवा, ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बंद करा आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. तुकडा थेट बर्फावर ठेवला तर पेशी गोठून मरतात. जोडता येईल की नाही हे तुम्ही ठरवू नका. तुकडा अगदी लहान असला तरी सोबत न्या, त्याची कातडीही कधी कधी उपयोगी पडते.

वाटेत चहा-पाणी देऊ नका, भूल द्यावी लागू शकते. केईएम, शीव, नायर, जे.जे. अशा प्लास्टिक सर्जरी विभाग असलेल्या मोठ्या रुग्णालयात थेट जा. आधी इथे, मग तिथे असं करत वेळ घालवू नका. धनुर्वाताची लस शेवटची कधी घेतली, कोणती औषधं चालू आहेत, हे सांगा. आणि नोंद करताना "घरी लागलं" असं सांगू नका. कामावर झालं असेल तर तसंच लिहून घ्या. भरपाईचा दावा साधारण दोन वर्षांच्या आत करायचा असतो, आणि तेव्हा हाच कागद कामाला येतो. लहान गाळ्यातल्या कामगारालाही हा हक्क असू शकतो, कामगार कार्यालयात जरूर विचारा.

न दिसणारी इजा

बोट गेलेलं दिसतं, कान गेलेला दिसत नाही. रंधा मशीनजवळचा आवाज ९५ ते १०० डेसिबलपर्यंत जातो. ८५ डेसिबलच्या वर रोज आठ तास काम केलं, तर हळूहळू बारीक आवाज ऐकू येईनासे होतात, आणि गेलेली ऐकण्याची ताकद परत येत नाही. कानात प्लग किंवा कानांवर मफ लावा.

दुसरं, बारीक भुसा. १९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये फर्निचर कामगारांच्या नाकात एक दुर्मीळ कर्करोग जास्त आढळू लागला आणि संशयाची सुई भुशाकडे वळली. १९९५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने लाकडाच्या भुशाला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं. घाबरू नका, हा आजार विरळाच. पण भुसा ओढणारा पंखा किंवा व्हॅक्यूम आणि चांगल्या दर्जाचा मास्क हवा. अनेक वर्षं हे काम केलेल्या माणसाचं एकाच नाकपुडीतून रक्त येत असेल किंवा ती बंद राहत असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. दमा असेल तर तो भुशाने वाढतो.

शेवटी

सुपारीबागेत जमलेल्या त्या कामगारांनी जखमी झाल्यावर पगार मागितला, कारण इजा टाळता येते हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. आपल्याला ते माहीत आहे. एक गार्ड, एक ठोकळा, एक बटण यांचा खर्च एका दिवसाच्या कामाच्या आसपास असतो. तुम्ही मालक असाल तर तो आजच करा. ग्राहक असाल तर काम सुरू होण्याआधी "गार्ड आहे ना?" एवढं विचारा. आणि शिकाऊ मुलगा मशीनवर उभा राहणार असेल, तर त्याला आधी कटर ब्लॉक बंद असताना जवळून दाखवा. ती पाती एकदा शांतपणे पाहिली, की हात आपोआप जपून चालतो.

काळजी घ्या. हा लेख तुमच्या ओळखीच्या सुतारकाकांना वाचून दाखवा.